कोल्ड एअर इनटेकने पिकअप वाढतो का? उत्तर स्टॅन्ली हूकर यांच्या आयुष्यात आहे

गाड्यांचे व्हिडिओ बघत असाल तर हे दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. बॉनेट उघडलेलं, कंपनीचा काळ्या प्लॅस्टिकचा एअर फिल्टरचा डबा काढून टाकलेला, आणि त्या जागी एक चकचकीत पाइप आणि शंकूसारखा लाल फिल्टर. याला म्हणतात कोल्ड एअर इनटेक. इंजिनाला गार हवा मिळते आणि पिकअप वाढतो, असा दावा असतो. माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कोणी ना कोणी विचारतंच, की सुपरचार्जर किंवा टर्बो असलेल्या गाडीला हे बसवावं का? मग अर्धे लोक म्हणतात जबरदस्त फरक पडतो, अर्धे म्हणतात फक्त आवाज वाढतो.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. आपल्याकडे यात नवीन काही नाही. पण त्यामुळे असे प्रश्न आले की हात शिवशिवतात. या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी एका अशा माणसापर्यंत पोहोचलो, ज्याने हाच प्रश्न ८० वर्षांहून जास्त काळापूर्वी सोडवला होता. फरक इतकाच, की तेव्हा पणाला लागला होता वैमानिकांचा जीव.

त्यांचं नाव सर स्टॅन्ली हूकर. आज त्यांची गोष्ट सांगतो, आणि जाता जाता तुमच्या गाडीचा हिशोबही करू.

आधी दोन मिनिटं बेसिक

इंजिनात पेट्रोल जाळायला हवा लागते. जितकी जास्त हवा आत जाईल, तितकं जास्त पेट्रोल जाळता येतं आणि तितकी ताकद मिळते. इथे हवा म्हणजे हवेचं वजन, नुसती जागा नाही. गार हवा दाट असते, गरम हवा विरळ. म्हणून तेवढ्याच जागेत गार हवा जास्त मावते.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच ताकदीवर फिरणारा हवेचा पंप. तो हवा दाबून आत ढकलतो. टर्बोसुद्धा तेच करतो, फक्त तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर फिरतो. सायकलच्या पंपाने जोरात हवा भरली की पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं ना? हवा दाबली की ती तापते. म्हणजे सुपरचार्जर एका हाताने हवा दाट करतो आणि दुसऱ्या हाताने ती गरम करून थोडी विरळ करतो. हूकर यांच्या कामाचा निम्मा भाग या एका वाक्यात बसतो.

गणिताचा माणूस कारखान्यात

हूकर यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०७ रोजी इंग्लंडमधल्या केंट परगण्यात शीअरनेस इथे झाला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये ते शिकले ते गणित. इंजिनं, गॅरेज, पाने-पकडी यांच्याशी त्यांचा संबंध नव्हता. वाहत्या द्रवाचं आणि हवेचं गणित हा त्यांचा विषय. पुढे ते ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजमध्ये गेले आणि १९३५ मध्ये डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले. मग काही काळ ब्रिटिश नौदलाच्या संशोधन खात्यात नोकरी केली.

जानेवारी १९३८ मध्ये ते डर्बी शहरात रोल्स-रॉइसच्या कारखान्यात रुजू झाले. कारखान्याचा कारभार पाहणारे अर्नेस्ट हाइव्ह्ज तिथेच खालच्या पायरीवरून वर चढलेले होते. हूकर यांची मुलाखत घेतानाच त्यांच्या लक्षात आलं होतं, की हा माणूस फारसा इंजिनिअर नाही. तरीही त्यांनी घेतलं. पुढे हूकर यांनी आत्मचरित्र लिहिलं तेव्हा नावच ठेवलं 'नॉट मच ऑफ ॲन इंजिनीअर', म्हणजे फारसा इंजिनिअर नसलेला माणूस.

सुरुवातीचे काही दिवस त्यांना कोणी ठरावीक कामच दिलं नाही. नवीन कंपनीत पहिल्या आठवड्यात लॅपटॉप मिळतो पण टास्क मिळत नाही, तसंच. मग त्यांच्या हाती सुपरचार्जरच्या चाचण्यांचे आकडे आले. ते आकडे बघताना त्यांना समजलं, की हे तर आपलंच गणित आहे. पंख्याची चकती हवेला वेग देते, पुढे तो वेग कमी होतो आणि दाब वाढतो. कारागिरांनी अनुभवाने आणि प्रयोग करून जे घडवलं होतं, ते समीकरणात मांडता येत होतं. समीकरणात मांडल्यावर ते सुधारताही येणार होतं.

वाकलेला रस्ता

इंजिनाचं नाव होतं मर्लिन. १२ सिलिंडर, २७ लिटर. स्पिटफायर आणि हरिकेन ही ब्रिटनची दोन मुख्य लढाऊ विमानं याच इंजिनावर उडत. मागच्या बाजूला सुपरचार्जर. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारायचं तेव्हा गिअरमुळे सुपरचार्जरची चकती २५ हजारांहून जास्त फेरे मारायची.

विमानाला सुपरचार्जर लागतो कारण वर हवा विरळ असते. ३० हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी असतो. सुपरचार्जर नसेल तर तिथे इंजिन धापा टाकायला लागेल.

हूकर यांना हिशोबात दोन गोष्टी दिसल्या. एक, सुपरचार्जरची कार्यक्षमता जितकी समजली जात होती तितकी नव्हती. चकती आणि तिच्याभोवतीच्या पात्यांमध्ये सुधारणेला बराच वाव होता. दुसरी गोष्ट आपल्या विषयाला थेट भिडते. हवा सुपरचार्जरमध्ये शिरण्याआधीच अडत होती. इंजिनाची लांबी कमी ठेवण्यासाठी आत येणारा हवेचा मार्ग एका अरुंद वळणातून नेला होता, आणि तिथे दाब वाया जात होता.

आता हे नीट समजून घ्या. सुपरचार्जरच्या आधी झालेलं नुकसान जसंच्या तसं राहत नाही, ते गुणाकाराने वाढतं. समजा सुपरचार्जर दाब दुप्पट करतो. त्याच्या तोंडाशी १०० ऐवजी ९५ इतकाच दाब पोहोचला, तर बाहेर २०० ऐवजी १९० मिळतो. आधी गेले ५, नंतर गेले १०. साध्या इंजिनात हे नुकसान ५ वरच थांबलं असतं.

हूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकती, पाती आणि हवेचा मार्ग नव्याने आखला. वळण मोकळं झालं आणि हवा सरळ मध्यातून आत येऊ लागली. यातून मर्लिन २० आणि मर्लिन ४५ ही इंजिनं तयार झाली. पहिलं सुधारित हरिकेनमध्ये बसलं, दुसरं स्पिटफायर मार्क ५ मध्ये. इंजिन तितकंच मोठं, पण पूर्ण ताकद आता जास्त उंचीपर्यंत टिकू लागली.

म्हणजे चांगल्या इनटेकने फरक पडतो, हे खरं आहे. पण कधी? आधीचा रस्ता खरोखर अडलेला असेल तेव्हा.

पेट्रोलने गार केलेली हवा

मर्लिनमध्ये कार्ब्युरेटर सुपरचार्जरच्या आधी होता. पेट्रोल हवेत मिसळायचं, उडून जाताना हवेतली उष्णता शोषून घ्यायचं, आणि हवा साधारण २५ अंशांनी गार व्हायची. हाताला सॅनिटायझर लावल्यावर गार वाटतं, तोच प्रकार. हवा गार झाल्यामुळे सुपरचार्जरला ती दाबणं सोपं जायचं आणि ताकद वाढायची. रोल्स-रॉइसने कार्ब्युरेटर सोडला नाही, त्यामागचं हे एक मोठं कारण होतं. जर्मन विमानांमध्ये मात्र तेव्हा थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी इंजेक्शन पद्धत होती.

या फायद्याची किंमतही होती. वैमानिकाने विमानाचं नाक एकदम खाली दाबलं की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं आणि इंजिन क्षणभर अडखळायचं. मागे शत्रू लागलेला असताना इंजिन अडखळणं म्हणजे काय, याची कल्पना करा. १९४१ मध्ये फार्नबरोच्या सरकारी संशोधन संस्थेतल्या बिआट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी पेट्रोलच्या वाटेत बसणारी एक छोटी भोकाची चकती काढली आणि हा त्रास बराच कमी केला. गार हवा फुकट मिळत नाही. कुठे ना कुठे त्याचे पैसे मोजावे लागतात, हे तेव्हाही खरं होतं.

१९४१: प्रश्न जिवावर आला

१९४१ च्या सप्टेंबरच्या सुमारास फ्रान्सच्या आकाशात जर्मनांचं नवं विमान दिसू लागलं, फोके-वुल्फ १९०. वळण्याची त्रिज्या सोडली तर जवळपास प्रत्येक बाबतीत ते स्पिटफायर मार्क ५ पेक्षा सरस होतं. वैमानिक परत येईनासे झाले. नवं विमान आखायला वर्षं लागतात, आणि तितका वेळ हातात नव्हता.

पण डर्बीमध्ये एक वस्तू जवळजवळ तयार होती. खूप उंचीवरून उडणाऱ्या वेलिंग्टन बॉम्बर विमानासाठी हूकर यांचा गट दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरवर काम करत होता. म्हणजे एकामागे एक दोन चकत्या. पहिली हवा दाबते, दुसरी ती आणखी दाबते. हेच इंजिन स्पिटफायरमध्ये बसवून बघावं, ही कल्पना हाइव्ह्ज यांच्याकडून आली.

अडचण एकच होती, पण मोठी. दोनदा दाबलेली हवा प्रचंड तापत होती.

उणे ४४ अंशांची हवा

आता हा आकडा बघा. ३० हजार फुटांवर बाहेरची हवा साधारण उणे ४४ अंश सेल्सिअस असते. जगातल्या कुठल्याही दुकानातला कोल्ड एअर इनटेक तुमच्या गाडीला इतकी गार हवा देऊ शकणार नाही. तरी तीच हवा दोन टप्प्यांत पाच-सहा पट दाबली की ती उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त गरम होते, १५० अंशांच्याही पुढे.

इतकी गरम हवा सिलिंडरमध्ये गेली तर दोन तोटे. एक, ती विरळ होते, म्हणजे दाबण्यासाठी खर्च केलेली मेहनत काही अंशी वाया. दुसरा तोटा जास्त वाईट. मिश्रण स्पार्कच्या ठिणगीने शिस्तीत जळण्याऐवजी एखाद्या कोपऱ्यात आपोआप भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. गाडीत ते खडखडल्यासारखं ऐकू येतं. एक हजाराहून जास्त हॉर्सपॉवरच्या इंजिनात त्याने पिस्टनला भोक पडू शकतं.

म्हणून मर्लिन ६१ मध्ये दाबलेली हवा गार करण्याची सोय केली गेली. दोन टप्प्यांच्या मधल्या भागाभोवती गार द्रव फिरवला, आणि दुसऱ्या टप्प्यानंतर, हवा इंजिनात जाण्याआधी, एक वेगळा कूलर बसवला. त्या द्रवासाठी स्वतंत्र पंप आणि पंखाखाली स्वतंत्र रेडिएटर. आजच्या सुपरचार्जर असलेल्या बऱ्याच गाड्यांमध्ये पाण्यावर चालणारा इंटरकूलर असतो. त्याची मांडणी जवळपास अशीच असते.

जुलै १९४२ मध्ये स्पिटफायर मार्क ९ ही नवी आवृत्ती ६४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे आली. ३० हजार फुटांवर नव्या इंजिनाने जुन्यापेक्षा सुमारे ३०० हॉर्सपॉवर जास्त दिली. त्या उंचीवर विमान मार्क ५ पेक्षा ताशी जवळपास ७० मैल, म्हणजे ११० किलोमीटरच्या आसपास, जास्त वेगाने जाऊ लागलं. लांबून दोन्ही विमानं सारखीच दिसायची. समोरचं स्पिटफायर जुनं की नवं, हे जर्मन वैमानिकाला पटकन कळत नसे.

हेच दोन टप्प्यांचं मर्लिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने बनवलं आणि ते मस्टँग विमानात बसलं. त्या मस्टँगनी १९४४ मध्ये बॉम्बर विमानांना बर्लिनपर्यंत सोबत केली. युद्धाच्या सुरुवातीला मर्लिन १,००० हॉर्सपॉवरच्या थोडं वर होतं, शेवटी त्याच २७ लिटरमधून २,००० च्या आसपास निघू लागले. यात चांगल्या, जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलचाही मोठा वाटा होता आणि शेकडो माणसांच्या कष्टांचाही. पण हवेचा हिशोब हूकर यांचा होता.

माझ्या मते या सगळ्यातून निघणारी एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे. सुपरचार्ज केलेल्या इंजिनात हवा आत येताना किती गार होती, यापेक्षा दाबून झाल्यावर ती किती गार राहिली, हे महत्त्वाचं असतं.

हाच हिशोब तुमच्या गाडीला

हे फक्त विमानांपुरतं आहे का, हे बघायला मी दहा-बारा ओळींचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. समजा मे महिन्यातली दुपार आहे आणि बाहेर ४० अंश आहेत. इनटेक बाहेरची हवा घेत असेल तर ४० अंशांची हवा आत जाईल. बॉनेटखालची गरम हवा घेत असेल तर समजा ६० अंशांची. सुपरचार्जर दाब १.६ पट करतो आणि त्याची कार्यक्षमता ६५ टक्के आहे, असं धरलं.

इंटरकूलर नसेल तर ४० ची हवा दाबल्यावर सुमारे १०९ अंशांची होते आणि ६० ची सुमारे १३४. म्हणजे आत येताना फरक होता २० अंशांचा, बाहेर पडताना झाला जवळपास २५. हवेच्या दाटपणात फरक साधारण ६ टक्के. हा फरक पायाखाली जाणवू शकतो.

आता इंटरकूलर लावू. दाबलेली हवा बाहेरच्या ४० अंशांपेक्षा जितकी जास्त गरम असेल, त्यातला ७० टक्के फरक तो काढून टाकतो, असं समजा. मग पहिली हवा येते सुमारे ६१ अंशांवर आणि दुसरी ६८ वर. २५ अंशांचा फरक सातावर आला. दाब तेवढाच धरला तर दाटपणातला फरक उरतो जेमतेम २ टक्के.

इथे एक बारीक मुद्दा आहे. सुपरचार्जरच्या काही प्रकारांत दोन रोटर हवा मापाने उचलून पुढे टाकतात, वाटीने दूध मोजावं तसं. दर फेऱ्याला वाटी तेवढीच. त्यामुळे आत येणारी हवा जितकी दाट, तितकी जास्त वजनाची हवा पुढे जाते. अशा गाडीत इंटरकूलर असला तरी गार इनटेकचा बराचसा फायदा टिकतो. टर्बो गाड्यांमध्ये मात्र गाडीचा कॉम्प्युटर ठरलेला दाब राखतो. बूस्ट जास्त झाला की तो धूर बाजूने सोडून देतो. तिथे इंटरकूलर आणि कॉम्प्युटर मिळून फरक बराच पुसून टाकतात. आपल्या रस्त्यांवर सुपरचार्जरवाल्या गाड्या तशा दुर्मीळ आहेत, हवा दाबून घेणाऱ्या गाड्यांत बहुतेक टर्बोच आहेत. त्यामुळे परदेशातल्या व्हिडिओमधला आकडा तुमच्या गाडीला तसाच लागू होईल असं नाही.

आणि त्या शंकूसारख्या फिल्टरचं काय? तो बॉनेटखाली उघडाच ठेवला असेल, तर तो इंजिनाचीच गरम हवा ओढतो. नाव कोल्ड एअर, पण पोटात गरम हवा. कंपनीचा तो कुरूप काळा डबा बहुतेक गाड्यांमध्ये समोरच्या जाळीजवळून बाहेरची हवा घेतो. म्हणजे तोच खरा कोल्ड एअर इनटेक असतो.

गार हवेचाही त्रास होतो

हूकर यांचं आयुष्य मर्लिनवर संपत नाही. १९४० च्या सुरुवातीला ते फ्रँक व्हिटल यांचं जेट इंजिन बघायला गेले. जेट म्हणजे त्यांच्या नजरेने बघितलं तर एक मोठा सुपरचार्जरच, फक्त पिस्टन काढून टाकलेले. त्यांनी हाइव्ह्ज यांनाही तिथे नेलं. १९४३ मध्ये रोल्स-रॉइस आणि रोव्हर यांच्यात अदलाबदल झाली. रोव्हरने जेटचं काम दिलं आणि रणगाड्याचं इंजिन घेतलं. बार्नोल्ड्सविक या छोट्या गावातल्या जेटच्या कारखान्याची तांत्रिक जबाबदारी हूकर यांच्याकडे आली. १९४४ मध्ये ग्लॉस्टर मीटिअर हे ब्रिटिश जेट विमान सेवेत आलं, ते तिथून निघालेल्या इंजिनांवर.

पुढे हाइव्ह्ज यांच्याशी त्यांचं बिनसलं. ज्यांनी गणिताच्या माणसावर विश्वास टाकला, त्यांनाच सोडून हूकर १९४९ मध्ये ब्रिस्टल कंपनीत गेले. तिथे वाट्याला आलं प्रोटिअस नावाचं दुखणं. ब्रिटानिया या प्रवासी विमानाचं हे इंजिन. त्यात हवा आधी उलट्या दिशेने जायची आणि मग पूर्ण वळून आत शिरायची. विषुववृत्ताजवळच्या उंच ढगांतून जाताना त्या वळणात बर्फ साचायचा, मग गोळा सुटून आत जायचा आणि इंजिन विझायचं. हवा भरपूर गार होती, वळण मात्र पुन्हा आडवं आलं. हूकर यांच्या लोकांनी आत सतत तापलेली राहणारी छोटी टोकं बसवली, म्हणजे ज्योत विझली तरी लगेच पेट घेईल. पण या दुरुस्त्यांत महिनोन्महिने गेले. ब्रिटानिया १९५७ मध्ये सेवेत आलं तोवर जेट प्रवासी विमानं उंबरठ्यावर आली होती, आणि बाजार हातचा गेला.

आपल्याकडे पावसाळ्यात पाण्यातून गाडी घालणाऱ्यांनी इथे कान टवकारावेत. गार हवेसाठी फिल्टर बंपरच्या खाली नेला, की तो पाण्याच्याही जवळ जातो. इंजिनाने पाणी ओढलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि वाकतो कनेक्टिंग रॉड. मग पिकअप राहू द्या, गाडी टोइंगवर घरी येते.

गोव्याच्या आकाशापर्यंत

ब्रिस्टलमध्ये हूकर यांच्या हाताखाली आणखी इंजिनं घडली. ऑर्फिअस हे छोटं जेट इंजिन त्यातलंच. भारतीय हवाई दलाची नॅट विमानं आणि आपल्याकडे बनलेलं मारुत, दोन्ही त्यावर उडाली. बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये ते इंजिन परवान्याने बनत होतं. दुसरं पेगॅसस. त्याच्या चार नळकांड्या खाली वळवल्या की विमान जागेवरून वर उचललं जायचं. नौदलाची सी हॅरियर विमानं याच इंजिनावर उडत. १९८३ ते २०१६ या काळात त्यांचा तळ गोव्यात दाभोळीला होता. वास्को-दाभोळी भागात वाढलेल्यांनी तो आवाज नक्की ऐकला असेल. काँकॉर्डचं ऑलिंपस इंजिनही ब्रिस्टलचंच.

१९६६ मध्ये रोल्स-रॉइसने ब्रिस्टलची इंजिन कंपनी विकत घेतली. हूकर पुढे निवृत्त झाले. मग ४ फेब्रुवारी १९७१ रोजी धक्का बसला. आरबी २११ या नव्या इंजिनाच्या खर्चाने रोल्स-रॉइसचं दिवाळं निघालं. इंजिन ठरलेला जोर देत नव्हतं आणि टर्बाइन जास्त तापत होतं. सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि वयाच्या ६३ व्या वर्षी हूकर यांना परत बोलावलं. त्यांनी मर्लिनच्या काळातले काही जुने सहकारी सोबत घेतले. टर्बाइनच्या पात्यांना आतून गार कसं ठेवायचं, हवा कुठे वाया जाते, हाच जुना हिशोब पुन्हा मांडला. १९७२ मध्ये लॉकहीड ट्रायस्टार प्रवासी विमानं या इंजिनावर सेवेत आली आणि कंपनी वाचली. १९७४ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. २४ मे १९८४ रोजी त्यांचं निधन झालं.

मग बसवायचं की नाही?

हूकर यांची पद्धत वापरू. आधी मोजा, मग खर्च करा.

पहिलं, एअर फिल्टर बघा. धुळीने भरलेला असेल तर तो बदला. दोन-तीनशे रुपयांपासून मिळणाऱ्या नव्या फिल्टरने अडलेला रस्ता मोकळा होतो, आणि सुपरचार्जर किंवा टर्बोच्या आधी वाचवलेला दाब गुणाकाराने परत मिळतो.

दुसरं, मोबाइलला जोडता येणारं ओबीडी ॲडॉप्टर मिळतं. त्यावर आत येणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. काही गाड्यांत हा सेन्सर फिल्टरजवळ असतो, काहींत इंटरकूलरच्या पुढे, त्यामुळे तुमच्या गाडीत तो कुठे आहे हे मेकॅनिकला विचारा. गाडी सोबतच्या मित्राला चालवू द्या आणि मोबाइलकडे तुम्ही बघा. फिल्टरजवळचा आकडा चालत्या गाडीत बाहेरच्या तापमानाच्या जवळपास असेल, तर कंपनीचा इनटेक आधीच गार हवा देतोय. नव्या पाइपने फारसं हाती लागणार नाही.

तिसरं, आकडा दाबल्यानंतरच्या हवेचा असेल आणि सलग चढावर तो वाढतच राहत असेल, तर दुखणं इंटरकूलरचं आहे. त्याच्या जाळीत चिखल, पानं, किडे अडकलेत का ते बघा. पाण्यावर चालणारा असेल तर त्याचा पंप चालतोय का ते बघा.

चौथं, मापाने हवा ढकलणारा सुपरचार्जर असेल आणि सध्याचा इनटेक खरोखरच बॉनेटखालची गरम हवा घेत असेल, तर बाहेरून हवा घेणारा, नीट बंद डब्याचा इनटेक उपयोगी पडतो. उघडा शंकू नाही. वॉरंटीवर परिणाम होतो का, हेही आधी विचारून घ्या.

आणि नुसता आवाज आवडतो म्हणून बसवायचा असेल, तर बिनधास्त बसवा. फक्त मग त्याला पिकअपचं नाव देऊ नका.